नऊ पिनांचा मॉनिटर

विद्यापीठाचं नामांतर झालं ते साल. घटस्थापनेनंतरचा पहिला रविवार, सकाळचे साडेनऊ. जागा: वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं आमचं दोन खोल्यांचं घर, बाहेरची खोली.

हजर: मी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल पण उत्साह पुरेपूर. माझी मैत्रीण, स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. आबा, म्हणजे वडील, उंबऱ्यावर. आई, आत-बाहेर.

काम: कॉम्प्युटर जोडणे.

हा कागद अजून माझ्याकडे आहे. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कामाला होते. नटबोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत जे आत येईल त्याची नोंद, जे बाहेर जाईल त्याची नोंद. ही सवय नोकरीने लावली की आधीपासूनच होती, हे सांगता येणार नाही. आई म्हणते, मी पाचवीत असताना दिवाळीच्या करंज्यांचीही यादी केली होती आणि दादाच्या नावापुढे दोन जास्तीच्या दाखवल्या होत्या.

कॉम्प्युटरचं खूळ दादाचं. त्याच्या कारखान्यात एका इंजिनिअरने जेवणाच्या सुट्टीत त्याला एक खेळ दाखवला होता. पडद्यावर विमान, समोर धावपट्टी, आणि आपण ते विमान उडवायचं. दादा घरी आला तो हात पसरूनच. तयार मशीनची किंमत विचारून आल्यावर ते हात खाली आले. मग मैत्रीण म्हणाली, "तयार कशाला घ्यायचं? सुटे भाग जमवू, मी जोडते." ती विद्यापीठात कॉम्प्युटरचा कोर्स करत होती आणि तिला सरावासाठी मशीन हवं होतं. मला हिशेबाचे तक्ते हवे होते. तिघांनी मिळून पैसे काढायचे ठरलं आणि मी कागद ओढला.

पण ते मशीन खेळाचंच व्हायचं, हे ठरलं आबांमुळे.

आबांनी जन्मभर मेंढरं राखली. आमचं गाव चिकलठाण्याच्या पलीकडे, आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेरचा माळ हे आबांचं चराईचं रान. विमान डोक्यावरून गेलं की मेंढरं आधी उधळायची, पुढे सवयीने मानही वर करेनाशी झाली. आबा मात्र प्रत्येक विमानाला काठी उंच करून दाखवत. पंधरा-सोळा वर्षं रोज. हळूहळू माळाचे प्लॉट पडले, कारखाने आले, चराई दूर सरकली, तरी विमान दिसलं की काठी वर. पाऊस लागल्यावर ते आमच्याकडे आले, तेव्हा दादाचं विमानपुराण ऐकून उंबऱ्यावरून बोलले.

"म्हंजी आतल्या मानसाला खालचं दिसतं ते आपल्याला बी दिसल?"

"व्हय आबा. हुबेहूब."

"मग मला बी बघायचंय. येवढी वर्सं काठी दाखिवली. त्या बाबाला ती दिसत व्हती का नाय, ते तरी कळंल."

दादा हसला, मग थांबला. आबा विनोद करत नव्हते. मी कागदावर सगळ्यात वर लिहिलं: आबांना दाखवणे. आणि समोर मुदत: दसरा.

कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबा निघणार. दरवर्षी ते कळप घेऊन पैठणच्या बाजूला उतरत. गोदाकाठच्या शेतांत मेंढरं बसवायची, शेताला खत मिळतं, आपल्याला धान्य मिळतं, असं करत करत पाऊस येईपर्यंत आठ महिने. त्या रविवारी ते कळप चुलत्यांकडे सोपवून नवरात्रापुरते आमच्याकडे आले होते. दसरा चुकला की पुढचा पावसाळा.

भाग जमवायला उन्हाळ्यापासूनच सुरुवात केली होती. मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवे, कारण त्यात काटकसर नको, असा मैत्रिणीचा हुकूम. डिस्प्ले कार्ड नवं, औरंगपुऱ्यातल्या दुकानातून. हार्ड डिस्क लहान. आवाजाचं कार्ड यादीतून काढलं. दादा म्हणाला, विमानाचा आवाज तोंडाने काढू. की-बोर्ड जुना, एक अक्षर अडकणारा. पत्र्याचा डबा आणि पॉवर सप्लाय भंगारातून.

पॉवर सप्लाय आबांनी निवडला. पावसाळ्यात ते घरी आले होते तेव्हा त्यांना आम्ही भंगारवाल्याकडे सोबत नेलं होतं. सारखे दिसणारे चार डबे होते. मैत्रीण त्यांवरचे आकडे वाचत होती. आबांनी एकेक डबा तळहातावर तोलला आणि तिसरा तिच्यापुढे धरला.

"ह्यो घे पोरी. हलकं मेंढरू पावसात टिकत नाय."

तिने आतल्या जाळीतून डोकावून बघितलं. "आबा, यातच तांबं जास्त आहे."

"मग मी काय म्हनलो?"

ती आबांना आबाच म्हणायची. पण हे पहिल्या दिवसापासून नव्हतं. तिच्या घरच्यांनी ती आठ वर्षांची असताना गाव सोडलं होतं. नामांतराच्या ठरावानंतर गावागावांत जे पेटलं, त्यात त्यांचं घर गेलं. पुढे शहरात तिचे वडील एकही मोर्चा चुकवत नसत आणि ती त्यांचं बोट धरून असे. ती आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा आईने तिला वेगळ्या कपात चहा दिला. ती गेल्यावर दादाने तोच कप उचलला, पातेल्यातला उरलेला चहा त्यात ओतला आणि आईच्या समोर बसून प्यायला. दुसऱ्या वेळी तो कप वेगळा निघाला नाही. आता आई तिला आमच्याआधी वाढते आणि आमच्यापेक्षा जास्त रागावते.

सगळ्यात मोठं भांडण झालं मॉनिटरवरून. पैसे एवढेच उरले होते की काळा-पांढरा नवा घ्यावा, किंवा रंगीत जुना. मी काळ्या-पांढऱ्याच्या बाजूने. नवा, हमी असलेला, पावतीसकट. आबांनी एका वाक्यात निकाल दिला.

"काळं-पांढरं काय बघायचं? आपली मेंढरंच काळी-पांढरी हायती. ती रोज बघतो की."

म्हणून मी रंगीत शोधला, आणि स्टोअर्सच्या रीतीने शोधला. तीन ठिकाणचे भाव मागवले, सगळ्यात कमी भावाला खूण केली. एक कारखाना जुनं ऑफिस मोडून लिलाव करत होता, तिथे एक रंगीत मॉनिटर मिळाला, इतक्या स्वस्त की मला स्वतःचाच अभिमान वाटला. 'जसे आहे तसे' या अटीवर. चालू करून दाखवला, रंग झकास. यादीतली शेवटची खूण मी तांबड्या शाईने केली.

तर तो रविवार. आईने परातीवर स्क्रू ठेवायला मनाई केली होती. "इमान उडवा नायतर हत्ती उडवा, माझ्या परातीला हात लावू नका." म्हणून स्क्रू वर्तमानपत्रावर, आकाराप्रमाणे रांगेत. मैत्रीण डब्यात वाकून एकेक भाग बसवत होती, मी नाव वाचून खूण करत होते, दादा विजेरी धरून जांभया देत होता. अकरा वाजेपर्यंत सगळं आत गेलं. राहिला मॉनिटरचा प्लग. तिने तो डिस्प्ले कार्डाला लावला. गेला नाही. फिरवून लावला. नाही.

"जोर लाव की," दादा म्हणाला.

"जोर लावून सूनसुद्धा नांदत नाही," ती म्हणाली आणि प्लग उलटा करून बघितला. मग कार्डाकडे. मग माझ्याकडे. "जरा मोज गं."

मॉनिटरच्या प्लगला पिना नऊ, दोन ओळींत. कार्डाला छिद्रं पंधरा, तीन ओळींत. बाहेरचा पत्रा मात्र अगदी एकसारखा, जुळ्या भावांसारखा. मॉनिटर जुन्या पद्धतीचा, कार्ड नव्या.

माझ्या यादीत अनुक्रमांक होता, वस्तू होती, नग होते, दर होता, दुकान होतं, शेरा होता. कोणती वस्तू कोणत्या वस्तूबरोबर चालणार, याचा रकाना नव्हता. कारखान्यात तो लागत नसे. ते वरचे साहेब बघत. मी प्रत्येक वस्तू एकटीला धरून उत्तम निवडली होती.

"स्टोअर्सबाई," दादा म्हणाला, "तीन कोटेशनं मागिवली ना? त्यात त्या मॉनिटरला येकदा इचारायचं, बाबा रे, तुझी सोयरीक कुनासंगं?"

मला रडू यायच्या बेतात होतं. मॉनिटर परत जाणार नव्हता. दसऱ्याला पाच दिवस. नव्या मॉनिटरला पैसे नाहीत. मैत्रिणीने मोठ्या दुकानांत विचारून बघू म्हटलं, पण रविवार होता.

आबा उंबऱ्यावरून उठून आले. त्यांनी कार्ड हातात घेतलं, प्लग हातात घेतला.

"बाजारातनं मेंढी आनली की आपन काय करतो?"

"रातभर आपल्या मेंढरांत सोडतो," मी म्हणाले.

"का?"

"टकरा देते का बघायला. देत असली तर सकाळी परत."

"मग ह्याला सोडून बघितलं का?"

"नाय."

"पावती तेवढी घेतली." ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी मॉनिटरकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं. "हे येवढं धूड बदलाया निघालाय. हे ल्हान हाय ते बदला की."

मैत्रिणीने कपाळावर हात मारला. नऊ छिद्रांचं जुनं कार्ड मिळालं तर मॉनिटर चालेल. रंग थोडे कमी दिसतील, पण विमानाचा खेळ त्यावर चालतो, हे तिने प्रयोगशाळेत बघितलं होतं. आम्ही तिघं शिकलेले, मोठ्या वस्तूलाच धरून बसलो होतो.

अडचण एवढीच की ते कार्ड आता कुणी ठेवत नसे. सोमवारी मैत्रिणीने दुपारभर फोन केले. सगळीकडे एकच उत्तर, जुनं ठेवत नाही. शेवटी एकाने सांगितलं, शहागंजात एक म्हातारे रेडिओवाले आहेत, ते काहीच फेकत नाहीत.

संध्याकाळी मी कामावरून परस्पर शहागंजात गेले. ठरल्याप्रमाणे आबा घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभे होते. धोतर, फेटा, खांद्यावर उपरणं, हातातल्या पिशवीत आमचं नवंकोरं पंधरा छिद्रांचं कार्ड, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं.

दुकान म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. छतापर्यंत रेडिओ, टीव्हीची पोटं, तारांची जाळी. मध्ये चष्मा कपाळावर चढवलेले मियाँ. मी माझी यादी काढली, नीट समजावून सांगितलं. त्यांनी एका खोक्यात हात घातला आणि न बघता एक कार्ड बाहेर काढलं. मी मोजली. नऊ छिद्रं.

"मिल गया ना? कायकू टेन्शन लेरे बाई."

मी दर विचारला. आमचं कार्ड नवं आहे, ते घेऊन वर काय देणार, तेही विचारलं. त्यांनी एक आकडा सांगितला, मी कागदावर लिहिला, मी एक सांगितला, त्यांनी मान हलवली. असं तीन-चार वेळा झालं. मग आबांनी मला कोपराने बाजूला सारलं.

"मियाँ, असं बोलून बोलून भाव फुटतो. हात द्या."

आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी दुकानाच्या फळीवर पसरलं.

मियाँचा चेहरा मी विसरणार नाही. कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला. "अरे बावा! तुम बजार करते क्या?"

"पन्नास वर्सं. मेंढराचा."

"हमारे अब्बा बकऱ्यांके दलाल थे! मैं छोटा था तो उनके बाजू में बैठके सीखा. कित्ते साल हो गए, किसीने रुमाल नहीं डाला!"

दोघांनी उपरण्याखाली हात घातले. जनावरांच्या बाजारात असाच सौदा होतो. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. किती बोटं, कुठलं पेर, त्यावर आकडा ठरतो आणि भोवतीच्या माणसांना कळत नाही. शहागंजच्या त्या गर्दीत, हातगाड्या आणि सायकलींच्या घंट्यांत, ते दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत गप्प उभे होते. फक्त कापड हलत होतं. मध्येच मियाँ म्हणाले, "नक्को नक्को, इत्ता नक्को." मध्येच आबा म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या," आणि हात काढला नाही. शेजारचा घड्याळवाला येऊन बघत उभा राहिला. मी यादी हातात घेऊन, पेनाचं टोपण काढून.

शेवटी दोघं एकदम हसले आणि हात बाहेर आले. मियाँनी आमचं नवं कार्ड ठेवून घेतलं, जुनं दिलं, आणि वरच्या फळीवरून धूळ झटकून आणखी एक वस्तू खाली काढली: एक काळी पेटी आणि तिच्यातून वर आलेली दांडी, खेळाची जॉयस्टिक.

"ये जहाज चलाने की डंडी. बावा के लिए."

"केवढ्याला पडलं?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"ते इचारायचं नसतं."

"आबा, मला यादीत लिहायचंय."

"मग लिव्ह, 'आबांनी आनलं'."

त्या यादीत दराचा तेवढा एक रकाना रिकामा आहे. शेऱ्यात लिहिलं आहे: आबांनी आणलं.

मंगळवारी संध्याकाळी मैत्रिणीने कार्ड बसवलं. आबांनी तिला दांडीही डब्याला लावूनच बघायला सांगितली. ती मागच्या लांबट खाचेत टक्कन बसली. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, वरच्या कोपऱ्यात एक चौकोन लुकलुकायला लागला. दादा ओरडला, आई हात पुसत बाहेर आली.

"आधी मी," मैत्रीण म्हणाली. तिने की-बोर्ड पुढे ओढला आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत विद्यापीठाचं नवं नाव टाइप केलं, पूर्ण. अडकणारं अक्षर दोनदा दाबून. आणि कळ दाबली. मशीनने खाली उत्तर दिलं: असा हुकूम मला माहीत नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ.

तीच आधी हसली. "बघा! याच्यापर्यंत अजून परिपत्रक पोचलं नाही!" ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग तिने तेच नाव परत टाइप केलं. परत तेच उत्तर. "नसू दे माहीत. शिकेल." हसून झाल्यावर तिने विमानाच्या खेळाची फ्लॉपी आत सारली.

आबा खुर्चीवर बसले. तोवर मी त्यांना घरात कधी खुर्चीवर बसलेलं बघितलं नव्हतं. पाय वर घेतले, मांडी घातली, दांडी दोन्ही हातांत धरली. दादाने तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. पहिल्यांदा विमान धावपट्टी सोडून शेतात घुसलं. "माझ्या वळनाचं हाय, रानातच जातंय," आबा म्हणाले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ते उठलं.

जमीन खाली गेली. हिरवे, तपकिरी चौकोन, एक निळी रेघ नदीची, काही ठिपके झाडांचे. आबा पुढे वाकले. दादाचं तोंडाचं इंजिन थांबलं.

"मेंढरं नायती," आबा म्हणाले.

"आबा, खेळ परदेशी आहे," मैत्रीण हळूच म्हणाली. "त्यांनी घातली नाहीत."

"व्हय, पर झाड दिसतंय." त्यांनी दांडी पुढे ढकलली. विमान खाली आलं, ठिपका मोठा झाला. "ह्ये बघ. येवढ्यावरनं झाड दिसतंय. आमच्या डोक्यावरनं तर ह्याच्या निम्म्यानं जायाचं. म्हंजी काठी दिसायाच पायजे."

"दिसतच असणार," आई म्हणाली. पंधरा वर्षं ती या काठीला वेडेपणा म्हणत आली होती.

"दिसायाच पायजे," आबा परत म्हणाले, आणि पडद्यावरच्या त्या झाडाला त्यांनी डावा हात वर करून दाखवला.

मी यादीवर पहिल्या ओळीपुढे खूण केली. मुदतीच्या तीन दिवस आधी.

दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घातला, वर आपट्याची दोन पानं. दादाने यादीत खाली आणखी एक ओळ लिहिली: विमान उतरवणे, आबा. कारण उडवणं जमलं होतं, उतरवणं नव्हतं. दिवसभर आबांनी सात-आठ वेळा विमान उडवलं आणि तितक्याच वेळा आपटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, घोंगडी खांद्यावर टाकून झाल्यावर, ते परत बसले. या वेळी धावपट्टी बरोबर समोर आली. दादा "हळू, हळू" म्हणत होता. आणि वीज गेली.

"ऱ्हायलं की वरच," आबा म्हणाले आणि उठले. एसटी थांबणार नव्हती.

पुढे प्रत्येक पावसाळ्यात ते विमान उडवत आणि झाडं बघत फिरत. उतरायचं मनावर घेतलं नाही. "वर गेल्यावर खाली बघायचं का सडक शोधायची?" म्हणत. मग मॉनिटर गेला, मशीन गेलं. मैत्रीण आता मुलांना कॉम्प्युटर शिकवते. आबा ऐंशी ओलांडून माझ्याकडेच असतात, मेंढरं केव्हाच विकली. परवा मी त्यांना माझ्या मशीनवर असाच एक खेळ लावून दिला. की-बोर्डला त्यांनी हात लावला नाही. "माझी दांडी कुटं हाय?"

दांडी कपाटात आहे, आईच्या लुगड्याच्या त्याच तुकड्यात. पण तिचा लांबट प्लग आताच्या मशीनला बसत नाही. मधे लावायचा जोड मिळतो, असं मैत्रीण म्हणते. शहागंजात विचारून बघ, पण या वेळी दोन्ही टोकांच्या पिना आधी मोजून जा, असंही ती म्हणाली. दांडीच्या प्लगच्या पिना मोजल्या. मशीनच्या बाजूचं टोक बघायचं आहे, आणि आबांचं उपरणं धुवून ठेवायचं आहे. मग शहागंज.